शब्दांच्या गावा : काच, आइस्क्रीम की गवत?

बालमित्रांनो, रोमन लिपीतली जी, एल, ए, एस ही चार अक्षरं वहीत लिहा पाहू. झालं ‘ग्लास’! आता अर्थ सांगा. थांबा, घाई नको. आधी विचारा, कुठल्या भाषेत?

डेन्मार्क आणि स्वीडन हे शेजारी देश. दोन्हीकडे ग्लास म्हणजे काच आणि पाणी पिण्याचा पेलासुद्धा. डॅनिश, स्वीडिश आणि इंग्रजी या एकाच जर्मानिक कुळातल्या बहिणी. इंग्रजीतून आपल्या स्वयंपाकघरात आलेला ग्लासही त्याच घराण्यातला बरं का! आपला मात्र खुशाल स्टीलचाही असतो.

हे घराणं फार जुनं. रोमन इतिहासकार टॅसिटस याने इ. स. ९८ च्या सुमारास लिहून ठेवलं आहे, की बाल्टिक समुद्राकाठचे लोक अंबराला ‘ग्लेसुम’ म्हणतात. अंबर म्हणजे झाडाचा चीक लाखो वर्षांनी घट्ट होऊन बनलेला पिवळा, चमकदार खडा. काचही चमकते, नाही का?

आता शेवटी आणखी एक ‘एस’ लावा. स्वीडिशमध्ये काचेचं आइस्क्रीम झालं! हा शब्द आला फ्रेंचमधून. तिथे त्याचा मूळ अर्थ बर्फ. काचेशी त्याचं काही नातं नाही. काचेच्या शब्दातला ‘आ’ लांब, आइस्क्रीममधला आखूड. आपल्याकडे ‘दिन’ म्हणजे दिवस आणि ‘दीन’ म्हणजे गरीब, तसंच हे!

ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स आहे. तिथली वेल्श भाषा केल्टिक कुळातली. तिच्यात ग्लास म्हणजे निळा. आकाश ग्लास, हे ठीक. पण गवताच्या नावातही हाच ग्लास आणि करड्या घोड्यालाही ग्लासच म्हणतात! मग तिथल्या लोकांना रंग ओळखता येत नाहीत की काय? छे! हिरव्यासाठी त्यांच्याकडे लॅटिनमधून आलेला निराळा शब्द आहे. रंगांमधली कुंपणं कुठे घालायची, हे ज्याची त्याची भाषा ठरवते. आपल्यापेक्षा वेगळं म्हणजे चूक नव्हे.

म्हणून शब्दाचा नुसता चेहरा पाहून फसू नका. त्याचं गाव विचारा, कूळ विचारा.

आता तुमची पाळी. मराठीत ‘शिक्षा’ झाली की आपण रडतो, हिंदीत ‘शिक्षा’ मिळाली की शहाणे होतो. हे दोन शब्द सख्खे भाऊ, की नुसते एकसारखे दिसणारे? शब्दकोश उघडा आणि शोधा!