कॅसेट दोन्ही बाजूंनी ऐका

पन्नाशी उलटलेल्या आणि घरात अजून जुन्या कॅसेटींचं खोकं जपून ठेवलेल्या मंडळींसाठी हे लिहितो आहे. तरुणपणी जो अल्बम तुम्ही डोक्यावर घेतला होता, तो या महिन्यात एकदा पुन्हा काढा. पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत, मध्ये न उठता, शब्दांकडे कान देऊन ऐका. मोबाइलवर एखादं गाणं शोधायचं, अर्धं वाजवायचं आणि ‘काय दिवस होते राव’ म्हणून पुढे सरकायचं, याला मी ऐकणं म्हणत नाही.

मी झाशीच्या प्रेम नगरात राहतो. ही रेल्वेवाल्यांची वस्ती. झाशीत मराठी घरं दोन वाटांनी आली. काही नेवाळकरांच्या राज्यापासून जुन्या शहरात आहेत, तर आमच्यासारखी काही रेल्वेच्या बदल्यांनी येऊन इथेच रुजली. २००३पर्यंत झाशी मध्य रेल्वेत होती आणि मुख्यालय मुंबईला, त्यामुळे पंजाब मेलने घरच्या लोणच्याच्या बरण्यांबरोबर मुंबईची गाणीही यायची. ऐंशीच्या दशकात अशीच एक कॅसेट आमच्या गल्लीत आली: ब्रूस स्प्रिंगस्टीनचा ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’. मुखपृष्ठावर अमेरिकेचा झेंडा, त्याच्यासमोर पाठमोरा उभा माणूस, जीन्सच्या मागच्या खिशात लाल टोपी. इंग्रजी आमचं बेताचंच. पण पहिल्या गाण्यातला ढोल घुमला की खोलीतली पोरं उभीच राहायची.

हा ‘हार्टलँड रॉक’. स्प्रिंगस्टीन, जॉन मेलनकॅम्प, बॉब सीगर, टॉम पेटी ही त्यातली ठळक नावं. कारखान्यांच्या गावात, शेतीच्या मुलखात राहणाऱ्या, पगारावर जगणाऱ्या माणसांची गाणी. आम्हाला त्यातलं काही ठाऊक नव्हतं. आम्हाला ती अमेरिकेची जयजयकाराची गाणी वाटत.

असं वाटणारे आम्ही एकटे नव्हतो. अल्बम ४ जून १९८४ला आला. १९ सप्टेंबरला राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावी प्रचाराला गेले आणि भाषणात आशेचा संदेश देणारा गायक म्हणून त्यांनी स्प्रिंगस्टीनचं नाव घेतलं. दोनच दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावरून स्प्रिंगस्टीनने, अध्यक्षांना आपला नेमका कुठला अल्बम आवडतो, अशी शंका काढली आणि कारखाना बंद पडून देशोधडीला लागलेल्या माणसाचं ‘जॉनी ९९’ सुरू केलं. ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ या ज्या गाण्याच्या ध्रुवपदावर स्टेडियमं उसळत होती, त्याची कडवी व्हिएतनामहून परतलेल्या, गावात नोकरी न मिळालेल्या, भाऊ युद्धात गमावलेल्या माणसाची आहेत. ध्रुवपद मोठ्याने आणि कडवी हळू ऐकली की असं होतं. गाणारा ओरडून सांगत होता, तरी होतं.

म्हणून पहिली सूचना: या वेळी गाण्याचे शब्द समोर छापून ठेवा. चष्मा लावा. लाज कसली त्यात?

आता एक बारीक गोष्ट, कॅसेट भरून घेणाऱ्यांच्या लक्षात येईल अशी. अल्बम सुमारे ४७ मिनिटांचा, १२ गाण्यांचा. मूळ कॅसेट महाग, म्हणून बहुतेक जण दुकानातून किंवा मित्राकडून भरून घेत. सी-९० घेतली की एका बाजूला ४५ मिनिटं मावतात, आणि दुसरी बाजू दुसऱ्या कुणासाठी मोकळी राहते. भरणारा हिशेबी असायचा. परिणाम असा की शेवटचं गाणं मध्येच तुटायचं आणि खटकन बटण वर यायचं. ते शेवटचं गाणं म्हणजे ‘माय होमटाउन’. सुरुवातीला बाप लहान पोराला मांडीवर घेऊन गाडीच्या स्टीअरिंगशी बसवतो आणि गाव दाखवतो, तेवढं ऐकू यायचं. पुढचं नाही. पुढे गावची कापडगिरणी बंद होते, मुख्य रस्त्यावरची दुकानं ओस पडतात, आणि तोच पोरगा, आता पस्तिशीचा, गाव सोडायची बोलणी करता करता आपल्या मुलाला तसाच मांडीवर घेतो. माझ्या कॅसेटीत बाप होता, पण बाप झालेला मुलगा नव्हता. ज्यांनी ती अशी भरून घेतली होती, त्यांनी हा अल्बम खरं तर कधी पुरा ऐकलेलाच नाही.

ती गिरणी स्प्रिंगस्टीनने हवेतून आणली नव्हती. त्याच्या फ्रीहोल्ड गावात गालिच्यांचा मोठा कारखाना होता, तो १९६०च्या दशकात बंद झाला. आणि आपल्याकडे? १८ जानेवारी १९८२ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईचे सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. अगदी त्याच महिन्यात न्यू जर्सीच्या कोल्ट्स नेकमधल्या भाड्याच्या घरात स्प्रिंगस्टीन चार ट्रॅकच्या कॅसेट यंत्रावर एकटाच गाणी भरत बसला होता. ‘नेब्रास्का’ हा अल्बम त्यातूनच निघाला, आणि ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’चा गिटारवरचा पहिला खर्डाही. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही, उगाच जोडू नये. पण ज्या घरात लालबाग-परळहून आलेला मामा सहा महिने मुक्कामाला होता आणि ‘गिरणी कधी सुरू होणार’ हा प्रश्न जेवताना कुणी विचारत नव्हतं, त्या घरात हेच गाणं आम्ही नाचायला लावत होतो.

रेल्वे वसाहतीतल्यांनी पहिल्या बाजूचं पाचवं गाणं, ‘डाउनबाउंड ट्रेन’, नीट ऐकावं. त्यातल्या माणसाची लाकडाच्या वखारीतली नोकरी जाते, मग बायको जाते, मग तो गाड्या धुतो आणि शेवटी रुळांच्या गँगमध्ये घण मारतो. वॅगन वर्कशॉपच्या भोंग्यावर ज्यांच्या घरची घड्याळं लागायची, त्यांना हे गाणं समजावून द्यावं लागणार नाही.

दुसरी सूचना जराशी कडू आहे. जुनं ते सगळं सोनं, असं धरून बसू नका. या अल्बमवरचा सिंथेसायझर आज पत्र्यासारखा वाजतो. ‘आय ॲम गोइंग डाउन’ मला आता कंटाळवाणं वाटतं. ‘डान्सिंग इन द डार्क’ तर व्यवस्थापक जॉन लँडाऊने एक हमखास चालणारं गाणं हवं म्हणून धोशा लावल्यावर सगळ्यात शेवटी लिहिलं गेलं, आणि चाललंही. अल्बममधली एकूण ७ गाणी अमेरिकेच्या पहिल्या दहांत गेली. तरी मी ‘डान्सिंग इन द डार्क’ सोडून ‘आय ॲम ऑन फायर’ घेईन. तुमचं मत वेगळं असेल तर भांडा. दोन-तीन मित्र बोलवा, त्यांतला एक तरी न पटणारा असू द्या.

आणि ‘ग्लोरी डेज’पाशी थोडे सावध राहा. दारूच्या गुत्त्यात शाळेतला नावाजलेला बेसबॉलपटू भेटतो, आणि बोलतो ते फक्त जुन्या दिवसांबद्दल. गाणारा स्वतःलाही त्यातून वगळत नाही. म्हणजे आपण जे करायला बसलो आहोत, त्याची टिंगल या अल्बमने आधीच करून ठेवली आहे. हसू येईल, येऊ द्या. मग पुढचं गाणं लावा.

क्रम मोडू नका, हे मात्र हात जोडून सांगतो. आपल्याला ही सवय नवी नाही. आमच्या आईवडिलांच्या पिढीने १९५५च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीवर ‘गीतरामायण’ आठवड्याला एक असं वर्षभर ऐकलं. छप्पन्न गाणी होती, आणि पुढचं आधी ऐकायची सोयच नव्हती. माडगूळकर-फडक्यांची ती गाणी आजही कुणी पूर्ण ऐकायला बसलं की क्रमानेच ऐकतं. तोच मान या बारा गाण्यांना द्या, किंवा तुमचा लाडका अल्बम मिलिंद इंगळेंचा ‘गारवा’ असेल तर त्याला द्या.

आमच्यातल्या काहींना आणखी एक हळहळ आहे. ३० सप्टेंबर १९८८ला स्प्रिंगस्टीन दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर गायला, ॲम्नेस्टीच्या मानवाधिकार दौऱ्यात, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन यांच्याबरोबर. झाशीहून दिल्ली म्हणजे चारशे किलोमीटर, आणि घरात रेल्वेचा पास. प्रेम नगरातून कुणी गेल्याचं मी ऐकलेलं नाही. ते गेलं ते गेलं. कॅसेट अजून हातात आहे.

तिची काळजी मात्र आधी घ्या. पस्तीस वर्षं पडून असलेली पट्टी काढली आणि थेट वाजवली, असं करू नका. आधी खिडकीपाशी धरून बघा. पट्टीच्या कडेला पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट लावली की डेकचं हेड घाण होतं आणि पुढच्या कॅसेटीलाही लागण होते, तेव्हा ती आधी जाणकाराला दाखवा. पट्टी स्वच्छ असेल तर न वाजवता एकदा शेवटपर्यंत पुढे आणि मग पूर्ण मागे फिरवून घ्या, म्हणजे एकमेकांना चिकटलेले वेढे सुटतात. आवाज खोल गेल्यासारखा आला तर खालच्या मधल्या खिडकीत बघा. पितळी पट्टीवरचा लोकरीचा चिमुकला तुकडा बहुतेक गळून पडलेला असतो. कवच स्क्रूचं असेल तर उघडून दोन्ही चकत्या दुसऱ्या चांगल्या कवचात घालता येतात. डेकचा रबरी बेल्ट इतक्या वर्षांत सैल पडतो किंवा डांबरासारखा वितळतो, तो बदलून घ्या. हेड आणि पिंच रोलर कापसाने पुसा. हेडसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल वापरा, अत्तर किंवा पेट्रोल नको.

एवढं झालं की वाजवतानाच संगणकावर उतरवून घ्या. वेव्ह फाइल करा, एमपी-थ्री नंतर हवी तर काढता येते. एका बाजूची एकच फाइल ठेवा, गाणी तोडू नका. मित्राने भरून दिलेल्या कॅसेटीत मध्येच त्याचं खोकणं किंवा त्याच्या आईची हाक असेल, तीही राहू द्या. प्रत दोन ठिकाणी ठेवा. ‘माय होमटाउन’ अर्धं तुटलेलं असेल तर पूर्ण गाणं दुसरीकडून घेऊन त्यानंतर ऐका. जमलं तर १९९८च्या ‘ट्रॅक्स’ संचातला ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’चा तो गिटारवरचा कच्चा खर्डाही लावा. त्यात ढोल नाही, जयजयकारही नाही, त्यामुळे कडवी चुकवायला जागाच राहत नाही.

ज्यांच्याकडे कॅसेट आहे पण डेक नाही, त्यांनी डेक असलेल्या मित्राला आज संध्याकाळीच फोन करावा. दुरुस्त करणारे कारागीर झाशीत आता बोटांवर मोजण्याइतके उरलेत, आणि पट्टी दर पावसाळ्यात थोडी थोडी खराब होतेच.