ऐंशीवा क्रमांक

पॅरिस ऑलिम्पिकच्या अखेरच्या दिवशी, 11 ऑगस्ट 2024 रोजी, स्त्रियांची मॅरेथॉन झाली. नेदरलँड्सच्या सिफान हसनने ती 2 तास 22 मिनिटे 55 सेकंदांत जिंकली. इथिओपियाची तिगस्त असेफा तिच्यामागे अवघ्या तीन सेकंदांवर होती. त्या तीन सेकंदांविषयी पुष्कळ लिहिले गेले. मला लिहायचे आहे ते हसननंतर दीड तासाने अंतिम रेषा ओलांडणाऱ्या किंझांग ल्हामो हिच्याविषयी. भूतानच्या या धावपटूला 3 तास 52 मिनिटे 59 सेकंद लागले. शर्यत पूर्ण करणाऱ्या ऐंशी जणींत तिचा क्रमांक ऐंशीवा होता.

भूतानची लोकसंख्या आठ लाखांहून कमी, म्हणजे आपल्या सोलापूर शहराहूनही थोडी. हा देश 1984 साली लॉस एंजेलिसला प्रथम ऑलिम्पिकमध्ये उतरला आणि 2008 पर्यंत त्याने केवळ तिरंदाजच पाठवले. धनुर्विद्या हा तिथला राष्ट्रीय खेळ आहे. गावोगावच्या पारंपरिक सामन्यांत लक्ष्य सुमारे 145 मीटरांवर असते, तर ऑलिम्पिकमध्ये ते 70 मीटरांवर असते. एवढ्या लांबचा वेध घेणाऱ्यांना निम्म्या अंतरावरचा सोपा जावा असे आपल्याला वाटते. पण धनुष्य वेगळे, नियम वेगळे, सरावही वेगळा. आजवर या देशाला एकही ऑलिम्पिक पदक मिळालेले नाही. पॅरिसला त्यांचे पथक तिघांचे होते : एक तिरंदाज, एक जलतरणपटू आणि ल्हामो. ज्या देशांचे खेळाडू एरवी पात्रतेच्या निकषांपर्यंत पोहोचू शकत नाहीत, त्यांच्यासाठी ऑलिम्पिकमध्ये काही जागा मुद्दाम राखून ठेवलेल्या असतात. ल्हामो अशाच जागेवर आली होती.

आता मार्गाविषयी. 1789 मध्ये पॅरिसच्या स्त्रिया भाकरीच्या मागणीसाठी व्हर्सायच्या राजवाड्यापर्यंत पायी चालत गेल्या होत्या. त्या मोर्चाच्या स्मरणार्थ हा मार्ग आखला होता. पॅरिसच्या नगरभवनापासून व्हर्साय आणि तेथून परत. त्यात एकूण 436 मीटरांची चढण होती आणि काही ठिकाणी चढ फारच तीव्र होता. भूतानच्या मुलीला चढणीचे काय, असे कोणी म्हणेल. 2022 साली भूतानमध्ये झालेल्या पाच दिवसांच्या, 203 किलोमीटरांच्या हिमालयीन शर्यतीत ती दुसरी आली होती. पण डोंगरात दमाने, दिवसेंदिवस चालत राहणे आणि डांबरी रस्त्यावर काही तास सलग वेगाने धावणे या शरीराकडून केलेल्या दोन निरनिराळ्या मागण्या आहेत. शिवाय चढ दम काढतो, तर उतार मांड्या मोडतो. उतरताना मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच त्यांना शरीराचा भार आवरून धरावा लागतो. जिना चढण्यापेक्षा उतरताना गुडघे अधिक कुरकुरतात याचा अनुभव आमच्या बहुतेक ज्येष्ठ वाचकांना असेलच. त्यामागेही बऱ्याच अंशी हेच कारण असते.

शेवटच्या टप्प्यात ल्हामो कधी धावत होती, कधी चालत होती. त्या वेळी पॅरिसच्या रस्त्यावर जे घडले, ते शुश्रूषा करणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावे असे आहे. विजेतीची शर्यत केव्हाच संपली होती, तरी लोक थांबले होते. कोणी सायकलवरून तिच्या बाजूने जात होते, कोणी पायी तिच्या बरोबरीने चालत होते, टाळ्या वाजवत होते. शर्यत संपली ती लेझँव्हालीदच्या प्रांगणात. चौदाव्या लुईने जखमी आणि वृद्ध सैनिकांच्या आश्रयासाठी उभारलेली ही वास्तू आहे. हा योगायोग माझ्यातील वैद्याला फार आवडला.

आणखी एक हिशेब. 42.195 किलोमीटर अंतर तिने ताशी सरासरी जवळजवळ 11 किलोमीटर वेगाने कापले. शेवटचा क्रमांक आलेल्या या स्त्रीबरोबर आपल्यापैकी कितीजण अर्धा किलोमीटर तरी धावू शकतील? क्रमांक हा नेहमी दुसऱ्यांच्या तुलनेत ठरतो. स्वतःच्या शक्तीविषयी तो फार थोडे सांगतो.

दवाखान्यात मला हे पुन्हा पुन्हा आठवते. खुब्याचे हाड मोडून शस्त्रक्रिया झालेल्या, किंवा न्यूमोनियाने दोन आठवडे अंथरुणाला खिळलेल्या आजींना घरची मंडळी घेऊन येतात आणि त्यांच्यादेखतच म्हणतात, "डॉक्टर, समोरच्या काकू महिन्याभरात जिना चढायला लागल्या. आमच्या आई अजून वॉकर सोडत नाहीत." आजी मान खाली घालतात. पुढच्या खेपेला कळते, की त्यांनी अंगणात जाणेही बंद केले आहे. त्या दुखण्याने थांबलेल्या नसतात, लाजेने थांबलेल्या असतात. ही लाज महाग पडते. म्हातारपणी अंथरुणात काढलेल्या दहा दिवसांतही पायांचे स्नायू लक्षणीय झडतात आणि ते परत मिळवायला त्याहून कितीतरी अधिक दिवस लागतात. खुब्याच्या अस्थिभंगानंतर अनेकांची चाल पूर्वीसारखी होतच नाही, हेही कुटुंबाने समजून घ्यायला हवे. काठी किंवा वॉकर कायमचा राहिला, तर तो पराभव समजू नये.

मात्र कोणी ल्हामोची चित्रफीत आजोबांपुढे धरून "बघा, ती थांबली का?" असे विचारू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्याच शर्यतीत अकरा जणींनी वाटेतच थांबण्याचा निर्णय घेतला. त्याही जगातील उत्तम धावपटू होत्या. थांबण्याची वेळ ओळखणे हाही सरावाचाच भाग आहे. छातीत दाब किंवा दुखणे, वाक्य पूर्ण बोलता येणार नाही इतका दम, अंधारी, गार घाम यांपैकी काहीही झाले, तर चालणे तत्काळ थांबवावे आणि वैद्यकीय मदत मिळवावी. शस्त्रक्रियेनंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, तर ती चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावी.

सोबत कशी करावी, यालाही पद्धत आहे. पुढे राहून हात धरून ओढू नये, त्याने तोल जातो. दुर्बल पायाच्या बाजूला, किंचित मागे राहावे आणि त्यांच्या चालीने चालावे. काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात असावी. काठी चुकीच्या हातात घेतलेले इतके रुग्ण मी पाहतो, की हे लिहिण्याचा कंटाळा करून चालत नाही. बोलत चालावे. बोलणे तुटू लागले, की बसण्याची वेळ झाली असे समजावे. वाटेत बसायला एखादी खुर्ची ठेवलेली असेल, तर जाणारा निर्धास्तपणे जातो.

प्रगती मोजायचीच असेल, तर घरातल्या घरात मोजावी. फरशीवर चार मीटरांच्या अंतरावर खडूच्या दोन रेघा ओढाव्यात. पहिल्या रेघेच्या थोडे अलीकडून नेहमीच्या चालीने, लागत असेल तर काठीसह चालायला सांगावे आणि दोन रेघांमधला वेळ घड्याळावर पाहावा. पाच सेकंदांहून अधिक लागत असतील, तर पायांची शक्ती घटली आहे का, तोल कसा आहे, आहारात प्रथिने पुरेशी आहेत का, हे डॉक्टरांकडून तपासून घ्यावे. आकडा तारीख घालून वहीत लिहावा. पुढच्या महिन्यात त्याच रेघांवर, त्याच चपला घालून पुन्हा मोजावे. तपासणीला येताना ती वही बरोबर आणावी. शेजारच्या काकूंचा आकडा तीत नसावा.