गाणं आपलं, नावही आपलंच हवं

आमच्या नेरळच्या वस्तीत जयंती मंडळाचा हिशेब गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. दिवसभर कचेरीत आकडे, रात्री कर्जत लोकलने घरी आलो की पुन्हा आकडे. मागच्या जयंतीची वही मिटताना एक गोष्ट डोळ्यांत खुपली. मिरवणुकीतल्या डीजेला जी रक्कम मोजली, तेवढ्यात गायन पार्टीचे तीन कार्यक्रम झाले असते. डीजेवाल्याने पैसे आगाऊ घेतले. ज्या गायकाने रात्री दोनपर्यंत गळा फोडून भीमगीते गायली, त्याला मात्र बिदागीसाठी दोनदा खेटे घालावे लागले.

बैठकीत मी हे बोललो. त्यावर माझा पुतण्या म्हणाला, "काका, डीजेला नावे ठेवून काय होणार? आपले गाणारे कोण आहेत हे पोरांना ठाऊकच नाही. पौर्णिमेच्या वंदनेनंतर मला तासभर द्या. मी ओळख करून देतो."

तास मिळाला. विहारात भिंतीवर पांढरी चादर लावली, एक स्पीकर आणला. मुले, बायाबापड्या, म्हातारी माणसे बसली.

सुरुवात वामनदादांपासून झाली. वामनदादा कर्डक १९२२ साली सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीत जन्मले. अक्षरओळख झाली ती मोठेपणी, कष्टाची कामे करता करता. आणि त्याच माणसाने पुढे हजारो गीते लिहिली, गावोगाव फिरून गायली. २००४ साली ते गेले. पुतण्याने विचारले, "दादांचे एक तरी गाणे कोणाला येते?" कोणी हात वर करीना. मग त्याने एक गाणे लावले, तर सगळी वस्ती तोंडपाठ गाऊ लागली! गाणे सर्वांचे पाठ, पण ते कोणाचे, हे निम्म्यांना ठाऊक नव्हते. मला माझीच लाज वाटली. लहानपणापासून कॅसेटवर ऐकत आलो, पण ही ओळ कोणी लिहिली असेल, हे कधी मनातही आले नाही.

त्यानंतर कडूबाई खरात. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या. हातात एकतारी, दारोदार गाऊन पोट भरणारी ही माउली. मोबाइलवर गाणे पसरले आणि महाराष्ट्राने तिचे नाव विचारले.

मग चादरीवर गिटार आणि ड्रम आले. चेन्नईचे 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'. धारावीवर 'काला' चित्रपट काढणारे पा. रंजित आणि संगीतकार तेनमा यांनी उभे केलेले हे पथक. जानेवारी २०१८ मध्ये त्यांचा पहिला जाहीर कार्यक्रम झाला. चेन्नईच्या वस्त्यांत अंत्ययात्रेत वाजणारे आणि गायले जाणारे गाना संगीत त्यांनी रॉक आणि रॅपच्या शेजारी आणून बसवले. नावामागचा विचार पंडित अयोथीदास यांचा. त्यांनी १८९८ साली, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्या ५८ वर्षे आधी, मद्रासेत शाक्य बौद्ध संस्था काढली होती. आपल्या मुंबईतही कबीर शाक्य यांचा 'धम्म विंग्ज' हा बँड बुद्ध आणि बाबासाहेबांचा विचार रॉकच्या चालीत गातो.

एक ज्येष्ठ बांधव उठले. "विहारात हे परदेशी वाद्य कशाला?" क्षणभर शांतता. मागून एक आत्या म्हणाल्या, "आपल्या मिरवणुकीत बेंजो चालतो, मग गिटारने काय घोडे मारले?" सगळे हसले. ज्येष्ठही हसले, पण खाली बसले नाहीत. त्यांचा प्रश्न खरा होता: हे गाणे मुळात कोणाचे?

उत्तर द्यायला पुतण्याने ब्लूज लावले. अमेरिकेतल्या काळ्या माणसांचे हे गाणे. १८६५ साली गुलामगिरी कायद्याने संपली, पण जमीन गोऱ्या मालकाची, पीक वाट्याने आणि कर्ज कायमचे. खोतीखाली आपल्या कोकणातली कुळे जशी पिचली, तसेच. बाबासाहेबांनी १९३७ साली खोतीविरुद्ध विधेयक आणले ते ज्या दुःखासाठी, तेच दुःख तिकडे कापसाच्या शेतात गात होते. एक ओळ म्हणायची, तीच पुन्हा म्हणायची, तिसरीत उत्तर द्यायचे. ऐकता ऐकता आत्या म्हणाल्या, "भाषा कळत नाही, पण ही राबणारी माणसे आहेत."

या गाणाऱ्यांना नाव कसे मिळाले, ते ऐका. आर्कान्सा राज्यातल्या हेलेना गावच्या रेडिओवर नोव्हेंबर १९४१ मध्ये 'किंग बिस्किट टाइम' हा कार्यक्रम सुरू झाला. खर्च एका पिठाच्या कंपनीचा. वेळ दुपारची, शेतमजुरांच्या भाकरीची. सनी बॉय विल्यमसन त्यात बाजा वाजवून गात. रात्री आपले गाणे कुठे आहे, तेही त्यातच सांगत. शेतावर राबणारा एक तरुण दुपारी तो कार्यक्रम ऐकत असे. पुढे १९४८ साली त्याच विल्यमसन यांच्या दुसऱ्या एका रेडिओ कार्यक्रमात त्याला गाण्याची संधी मिळाली. तो तरुण म्हणजे जगप्रसिद्ध बी. बी. किंग.

दुसरी बाजूही सांगतो. विली डिक्सन या काळ्या गीतकाराचे शब्द १९६९ साली लेड झेपेलिन या इंग्लिश बँडच्या गाण्यात आले. गाणे जगभर गाजले, पण त्यावर डिक्सनचे नाव नव्हते. त्यांनी १९८५ साली दावा लावला, १९८७ साली तडजोड झाली, मग नाव आणि मोबदला मिळाला. याच डिक्सननी म्हाताऱ्या गायक-वादकांना त्यांचा हक्काचा पैसा मिळवून देण्यासाठी संस्था काढली.

बांधवांनो, इथे आपणही आरशात पाहावे. गोऱ्यांनी काळ्यांचे नाव गाळले हे ऐकून आपल्याला राग येतो. पण आपल्याच मंचावर गीतकाराचे नाव न घेता गाणे होते, गायक बिदागीसाठी खेटे घालतो, तेव्हा नाव कोण गाळतो? आपणच. गाण्याने आपल्याला उभे केले. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांच्या जलशांनी बाबासाहेबांचा विचार निरक्षर माणसाच्या कानापर्यंत नेला. त्या ऋणाचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा?

यंदा आमच्या मंडळाने तीन ठराव केले. गाण्याआधी गीतकाराचे नाव जाहीर होईल. गायक-वादकांची बिदागी त्याच रात्री, मंचावरून उतरण्याआधी, पाकिटात मिळेल. पहिला अर्धा तास वस्तीतल्या मुलामुलींचा, वाद्य ढोलकी असो की गिटार. डीजे काही बंद झाला नाही. तरुणांनी हट्ट धरला, तासाभरावर तडजोड झाली. पण वाचलेल्या पैशातून गायन पार्टी ठरली आहे, आणि ते ज्येष्ठ बांधव पुढच्या पौर्णिमेला स्वतःहून पहिल्या रांगेत बसले होते.

तुमच्या गावातही कोणी गाणारी आजी असेल, कोणा शाहिराची वही पेटीत पडून असेल. तिला विचारा, ती वही उघडा, नाव लिहून ठेवा. जयंतीला ते नाव मोठ्याने घ्या.

जय भीम!