मारिएलचा दाखला आणि तरुणांची बेकारी

परदेशातून मजूर आले म्हणजे अल्पशिक्षित देशी माणसाची मजुरी उतरते आणि त्याच्या तरुण मुलाला कामावाचून बसावे लागते, या मताला अमेरिकेत जे विद्वत्तेचे पाठबळ लाभले आहे, त्यातील फार मोठा वाटा हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज बोर्हास यांचा आहे. ते स्वतः हवानात जन्मलेले व 1962 साली अमेरिकेत आलेले असल्यामुळे त्यांच्यावर परकीयद्वेषाचा आरोप करणे अन्यायाचे होईल. पुरवठा वाढला की किंमत उतरते, आणि मजुरी हीही किंमतच, हा त्यांचा पूर्वपक्ष.

त्याचा मुख्य दाखला मारिएलचा. 1980 च्या एप्रिल ते ऑक्टोबर या अवधीत क्यूबातील मारिएल बंदरातून सुमारे सव्वा लाख माणसे फ्लोरिडाच्या किनाऱ्याला लागली आणि मायामीतील श्रमिकांची संख्या एकाएकी शेकडा 7 ने वाढली. डेव्हिड कार्ड यांनी 1990 साली मायामीची इतर शहरांशी तुलना करून, मूळ रहिवाशांच्या मजुरीवर वा बेकारीवर परिणाम जवळजवळ झालाच नाही, असा निर्णय दिला. तो बोर्हास यांनी 2017 साली अमान्य केला आणि शालेय शिक्षण अपुरे राहिलेल्या पुरुषांची मजुरी शेकडा 10 ते 30 उतरल्याचे प्रतिपादिले. परंतु हा आकडा ज्यांच्यावरून निघाला ते पुरुष वर्षाकाठी जेमतेम वीसेक. त्यातच, मायकेल क्लेमेन्स व जेनिफर हंट यांनी दाखविल्याप्रमाणे, त्याच सुमारास शिरगणती खात्याच्या पाहणीत गरीब कृष्णवर्णीय पुरुषांची नोंद अधिक होऊ लागल्यामुळे, ज्यांना आधीपासूनच तुटपुंजी मजुरी मिळे अशांचे प्रमाण त्या मूठभरांत वाढले, आणि सरासरी उतरण्यास तेवढे कारण पुष्कळ होते. शिवाय बोर्हास यांनी निवडलेले वय 25 ते 59. ज्या तरुणांच्या बेकारीसाठी हा दाखला दिला जातो, ते त्यात नाहीतच!

उलट बाजूचा दाखला अधिक बोलका आहे. मेक्सिकोतून हंगामी शेतमजूर आणण्याची 1942 पासूनची ब्रासेरो योजना देशी मजुरांना चांगली मजुरी मिळावी या हेतूने 1964 अखेर बंद झाली. मजुरी मात्र त्यामुळे वाढली नाही, कारण कॅलिफोर्नियाच्या टोमॅटोमळ्यांत तोडणीची यंत्रे आली आणि जेथे यंत्र चालेना तेथे लागवडच घटली. मालकाची मागणी कायम राहते, हे पूर्वपक्षातील गृहीतच येथे ढासळते.

म्हणून हानी कोणाचीच होत नाही, असे माझे म्हणणे नाही. स्वस्त मजुरीचा लाभ घेणाऱ्या उद्योगांवर कर बसवून त्यातून अल्पशिक्षित देशी कामगारांना साहाय्य द्यावे, ही बोर्हास यांचीच सूचना मला शिरोधार्य वाटते. हद्द बंद करा म्हणणारे तिचा उल्लेखही करीत नाहीत, याचा खेद होतो. त्या करातून शाळा अर्धवट सोडलेल्या तरुणांसाठी सवेतन उमेदवारीची तरतूद व्हावी, आणि परवान्यावाचून राबणाऱ्या मजुराला कायदेशीर दर्जा मिळावा. कारण हद्दपारीच्या भयाने तो किमान वेतनाची तक्रार करीत नाही, आणि त्याच्या त्या मौनाच्या जोरावरच मालक त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या देशी पोराचीही मजुरी दाबून धरतो.