जाड बार घेण्याआधी झिजलेला बुश पाहा

बेळगाव-निपाणी पट्ट्यातल्या गाडीच्या वाट्याला सरळ रस्ता कमीच येतो. पुणे-बंगळूर महामार्ग सोडून पश्चिमेला वळले की प्रत्येक वाट घाटात शिरते. बेळगावहून जांबोटी, कणकुंबी करत चोर्ला. शिनोळी, पाटणे फाट्यावरून तिलारी. संकेश्वरहून गडहिंग्लज, आजरामार्गे आंबोली. निपाणीहून मुधाळतिट्टा, राधानगरी, दाजीपूर मागे टाकत फोंडा घाट. खुद्द महामार्गावरही निपाणीजवळ तवंदी आणि बेळगावच्या अलीकडे वंटमुरी घाट आहेच. उंच गाडी घेऊन अशा रस्त्यांनी जाऊन आलेला माणूस गॅरेजात एकच तक्रार करतो, "वळणावर गाडी लई कलतीया." हल्ली तक्रारीसोबत उपायही तोच सांगतो. जाड अँटी-रोल बार ऑनलाइन मागवायचा, रविवारी अंगणात गाडी उचलायची आणि बसवून टाकायचा.

हे काम घरी करू नये, असे म्हणण्याचे काहीच कारण नाही. यंत्र उघडून पाहायची या भागाची रीत जुनी आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान काढले. त्याच उद्योगातून कडबा कापायचे यंत्र आणि लोखंडी नांगर निघाला आणि 1910 मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी उभी राहिली. आज बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्र्या आहेत, हायड्रॉलिक प्रेस बनवणारे कारखाने आहेत, लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग धरून काम करणारी माणसे आहेत. दोनेक तासांच्या अंतरावर कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर आहे. अशा ठिकाणच्या माणसाने स्वतःच्या गाडीखाली डोकवायचे नाही, हा आग्रह धरायचा तरी कुणी? ऑगस्ट 2014 मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने 14 मोटार कंपन्यांना मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड ठोठावला होता. सुटे भाग, दुरुस्तीची माहिती आणि दोष शोधायची साधने स्वतंत्र गॅरेजवाल्यांपर्यंत पोहोचू दिली जात नाहीत, हाच त्यातला मुख्य ठपका होता. आपली गाडी आपण समजून घेण्याचा हक्क सोडू नये.

प्रश्न क्रमाचा आहे. घरी पाना हाती घेणारे बहुतेक जण चुकीच्या टोकापासून सुरुवात करतात.

अँटी-रोल बार, म्हणजे गॅरेजात ज्याला स्टॅबिलायझर रॉड म्हणतात, ती इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवलेली, कमानीच्या (स्प्रिंगच्या) पोलादाची सळई असते. तिची मधली लांबी रबरी बुशांमध्ये बसून गाडीच्या सांगाड्याला धरलेली असते आणि दोन टोके लिंक रॉडने डाव्या-उजव्या चाकांच्या सस्पेन्शनला जोडलेली असतात. दोन्ही चाके एकदम वर गेली तर सळई बुशांमध्ये नुसती फिरते, तिचे काम पडत नाही. वळणावर बाहेरची बाजू दबते आणि आतली उचलते, तेव्हा मात्र तिला पीळ बसतो. त्या पिळाला विरोध करता करता ती गाडीचा कल कमी करते. कॅनडातल्या फ्रेडरिक्टन गावच्या स्टीफन कोलमन यांना या कल्पनेचे पेटंट 22 एप्रिल 1919 रोजी मिळाले. पिळाच्या सळईची ओळख आपल्या जुन्या मिस्त्रींना वेगळ्या वाटेने झाली. अ‍ॅम्बेसेडरच्या पुढच्या चाकांचा भार टॉर्शन बारवरच असे.

या सळईचे गणित साधे दिसते आणि तिथेच फसगत होते. पिळाला होणारा विरोध व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. 20 मिलिमीटरच्या जागी 22 मिलिमीटरची सळई घातली तर जाडी दहा टक्क्यांनीच वाढते, ताठरपणा मात्र सुमारे 46 टक्क्यांनी. म्हणजे हाताला जेमतेम जाणवणारा फरक गाडीचा स्वभाव बदलून टाकतो. जाड बार फक्त पुढे घातला तर वळणावर गाडीचे तोंड बाहेर ओढते. फक्त मागे घातला तर तोंड चटकन वळते, पण ओल्या रस्त्यावर मागची बाजू घसरायची शक्यता वाढते. आंबोलीत पावसाळाभर रस्ता वाळत नाही. तिथे हा फरक कागदावरचा राहत नाही.

दुसरी किंमत खड्ड्यांत मोजावी लागते. एकच चाक खड्ड्यात गेले की ताठर बार तो धक्का दुसऱ्या बाजूलाही पोचवतो आणि गाडी आडवी डुलते. पावसाळा संपता संपता जांबोटी-कणकुंबी रस्त्याची जी दशा असते, तिच्यावर जाड बारची गाडी मागच्या सीटवरच्या आजीला जास्तच हलवणार. जीप रँग्लरच्या रुबिकॉन मॉडेलमध्ये पुढचा बार बटण दाबून सोडवायची सोय मुद्दाम दिलेली आहे, कारण दगडधोंड्यांत चाके मोकळी खालीवर व्हावी लागतात. चिकोडी किंवा खानापूर तालुक्यातल्या शेतवाटेवर रोज जाणाऱ्याने हे ध्यानात ठेवायला हवे.

म्हणून जाड बार मागवण्याआधी आहे तो बार त्याचे काम करतो का, ते पाहावे. पाच-सात पावसाळे खाल्लेल्या गाडीत बहुधा तो ते पुरते करत नसतो. सळईला सहसा काही होत नाही. झिजतात ते तिचे बुश आणि लिंक रॉडचे बॉल जॉइंट. खराब रस्त्यावर सावकाश जाताना पुढून "खट खट" आवाज येतो, गतिरोधक तिरका घेतला की तो वाढतो, आणि चालक शॉकअप गेले असे समजून खर्चाच्या धास्तीने गप्प बसतो. बुशात फट पडली की वळणाच्या सुरुवातीचा कल सळईला कळतच नाही. गाडी आधी कलते आणि सळई मागाहून ताणली जाते. चाके जमिनीवर असताना लिंक रॉड मुठीत धरून जोरात हलवला तर सैल जॉइंट हाताला लगेच कळतो. रबर बोटाने दाबून पाहावे, भेगा दिसतात, कडा चकाकतात. नवे बुश आणि दोन लिंक रॉड जाड बारच्या अख्ख्या किटपेक्षा कितीतरी स्वस्त पडतात. ते घातल्यावर आणि टायरमध्ये कंपनीने सांगितलेली हवा भरल्यावर पुष्कळांची जाड बारची हौस आपोआप मिटेल.

तरीही ज्यांना बार बदलायचाच आहे, त्यांनी तो लेथवर करून घेऊ नये. उद्यमबागेत काय बनत नाही, असा अभिमान या भागात आहे आणि तो रास्त आहे. पण हा मोह टाळायला हवा. साधे लोखंड आणि कमानीचे पोलाद यांच्या एकाच जाडीच्या सळया पिळून पाहिल्या तर सुरुवातीला दोन्ही जवळजवळ सारख्याच ताठ लागतात. फरक कळतो तो सोडल्यावर. कमानीचे पोलाद मूळ जागी परत येते. साधी सळई थोडी वाकडीच राहते, आणि काही हजार वळणांनंतर बाकातून तुटते. कमानीच्या पोलादावर वेल्डिंग करून टोके जोडली तर वेल्डजवळचा भाग ठिसूळ होतो. योग्य पोलाद, योग्य उष्णोपचार आणि पिळाच्या लाखो फेऱ्यांची चाचणी, हे तिन्ही झालेला भागच गाडीखाली जावा.

घरी करताना खरा धोका सळईचा नसतो, गाडीच्या वजनाचा असतो. या भागात चिरा हाताशी असतो आणि जॅक काढून चाकाजवळ दोन चिरे रचण्याची सवय आहे. जांभा दगड भिंतीत चांगला. हजार-बाराशे किलोची गाडी तोलून धरताना, वरून पाना हिसडत असताना, तो अचानक फुटतो. सिमेंटच्या पोकळ ब्लॉकचे तेच. कठीण, सपाट जमिनीवर उभे केलेले लोखंडी स्टँड, मागच्या चाकांना पुढून-मागून ओट आणि सोबत एक सावध माणूस, एवढे नसेल तर काम पुढच्या रविवारवर ढकलावे.

पुढची दोन्ही चाके एकाच उंचीला उचलावी. एकच बाजू उचलली तर सळई पिळलेली राहते आणि लिंकचा नट निघताच तिचे टोक हातावर बसते. घाटातल्या पावसाने गंजलेल्या नटांवर आदल्या रात्री गंज सुटायचे तेल मारून ठेवले तर सकाळी अर्धे काम झालेले असते. लिंकचा नट फिरवताना आतला बॉल जॉइंट सोबत फिरतो. त्याला अ‍ॅलन कीने धरून बाहेरून पाना लावायचा असतो. घाईत पक्कडीने धरले की बॉल जॉइंटवरचे रबर फाटते आणि नवा लिंक पहिल्याच पावसात जातो. पॉलियुरेथेनचे बुश असतील तर सोबत आलेले ग्रीस आतून नीट लावावे, नाहीतर गाडी दारात येण्याआधी तिचा कुरकुर आवाज येतो. रबरी बुशांचे नट अखेरचे आवळायचे ते चाके जमिनीवर टेकवून, टॉर्क पान्याने, कंपनीच्या आकड्याप्रमाणे. ब्रेकचा पाइप आणि एबीएसची वायर सळईला घासत नाही ना, हे चाके लोंबती असताना आणि टेकलेली असताना असे दोनदा पाहावे. शंभर-दोनशे किलोमीटर चालल्यावर सारे बोल्ट पुन्हा तपासावे.

काही गाड्यांत पुढचा बार काढायला इंजिनखालचा सबफ्रेम उतरवावा लागतो, स्टिअरिंगचा दांडा सोडवावा लागतो. ते अंगणातले काम नव्हे. मागे ट्विस्ट बीम असलेल्या लहान गाड्यांसाठी बीमला बोल्टने जोडायचे बार मिळतात. पाना धरता येणाऱ्याला ते जमतात.

आणि बार बसवून गाडी उलटायची थांबत नाही. वळणावर आतल्या चाकांवरचे वजन बाहेरच्या चाकांवर किती जाते, ते गाडीच्या गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधली रुंदी आणि वेग यांवर ठरते. बार फक्त त्याची पुढच्या-मागच्या चाकांत वाटणी बदलतो आणि कल कमी दाखवतो. ऑक्टोबर 1997 मध्ये स्वीडनच्या एका मोटार मासिकाच्या चाचणीत अचानक वळवलेली मर्सिडीज ए-क्लास उलटली, तेव्हा कंपनीला सस्पेन्शन बदलावे लागलेच, पण त्यासोबत घसरण सावरणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणाही द्यावी लागली. सौंदत्तीला किंवा जोतिबाला निघालेल्या गाडीच्या टपावर कॅरिअर असतो, त्यावर सामानाचा ढीग असतो. ते सामान खाली घेतल्याने जी स्थिरता मिळते, ती कुठलाही बार देत नाही. तवंदीच्या उतारावर तर प्रश्न ब्रेकचा आणि गिअरचा आहे. गाडी कमी कलते म्हणून तिथे वेग वाढवणारा स्वतःसोबत समोरच्यालाही धोक्यात घालतो.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याचे कलम 52 सांगते की नोंदणीपत्रातले तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल मालकाने करू नये. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये ते ठामपणे उचलून धरले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम 182-अ प्रमाणे परवानगीविना केलेल्या बदलाला, त्यात सुटे भाग बसवणेही आले, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकते. बारची जाडी नोंदणीपत्रावर छापलेली नसते. मग तो बदल यात बसतो की नाही? चिकोडीत नोंदलेली केए-23 गाडी कोगनोळी नाका ओलांडून कागलला गेली की हाच प्रश्न दुसऱ्या राज्याच्या पोलिसासमोर उभा राहतो. कानठळ्या बसवणारा सायलेन्सर आणि नीट चाचणी झालेला सस्पेन्शनचा भाग यांना एकाच तराजूत तोलणे अन्यायाचे आहे.

दोन्ही राज्यांच्या परिवहन खात्यांनी केंद्राकडे एवढेच मागावे: बार, बुश, शॉकअप अशा भागांसाठी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेने तपासलेल्या मालाची यादी, आणि त्या यादीतला भाग बसवला तर कारवाई नाही अशी स्पष्ट अधिसूचना. विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय बेळगावातच आहे, गोगटे इन्स्टिट्यूट तर उद्यमबागेतच. पिळाच्या चाचणीचे यंत्र इथे उभे राहिले, तर इथल्या कारखानदारांना हा माल रीतसर बनवता येईल आणि विकताही येईल.

तोवर बार बसवणाऱ्याने पक्के बिल आणि भागाचा क्रमांक जपून ठेवावा, विमा कंपनीला ई-मेलने कळवून लेखी उत्तर मागवावे. जुना बार भंगारात घालू नये; गाडी विकायची वेळ आली की नवा मालक तो मागू शकतो.