पंपा नदीवरील वल्ही

संत पेद्रूच्या फेस्ताला, म्हणजे २९ जून रोजी, बार्देशातील कांदोळीसारख्या गावी दोन होड्या एकमेकींस बांधून त्यांवर मंच उभारतात व गात-वाजवीत ती जोडहोडी पाण्यावर फिरवितात, हे आमच्या गोव्याच्या वाचकांस सांगावयास नको. तिला ते सांगोड म्हणतात. मराठीतील ‘सांगड’ तो हाच शब्द. पण आपण ‘सांगड घालणे’ असे सहज बोलून जातो, तेव्हा होड्यांच्या या बांधणीची आठवण कितीजणांना होत असेल?

त्याच पावसाळी दिवसांत, दूर दक्षिणेस केरळातील पंपा नदीवर एक मोठी नौकायात्रा निघते. तिची हकीकत आज वाचकांपुढे ठेवावीशी वाटते, कारण तिचा प्रारंभ एका ख्रिस्ती घराच्या ओसरीवर झाला, असे तेथील परंपरा सांगते.

अलप्पुळा जिल्ह्यात कुट्टनाड म्हणून सखल प्रदेश आहे. तेथे समुद्रसपाटीच्याही खाली भातशेती होते आणि वाटा बहुधा पाण्यातूनच जातात. त्या प्रदेशात पंपेच्या काठी चंपाकुळम हे गाव आहे. १५४५ साली चेंबकश्शेरीच्या राजाने अंबलप्पुळा येथे श्रीकृष्णाचे देऊळ बांधविले. प्रतिष्ठेची वेळ जवळ आली, तोच ठरलेली मूर्ती सदोष असल्याचे आढळले. तेव्हा राजाची माणसे कुरिची येथील देवळातून दुसरी मूर्ती घेऊन जलमार्गे निघाली. चंपाकुळमपाशी येईतो रात्र झाली. पुढे जाणे धोक्याचे, आणि मूर्ती उघड्यावर ठेवणेही योग्य नव्हे. त्या वेळी माप्पिळश्शेरी घराण्यातील इट्टीतोम्मन या ख्रिस्ती गृहस्थाने आपले घर उघडून दिले व मूर्तीसह सर्वांना रात्रभर आसरा दिला. दुसऱ्या दिवशी राजा स्वतः आला. गावोगावच्या लोकांनी आपापल्या होड्या शृंगारल्या आणि मूर्तीची नौका मध्ये घेऊन ते अंबलप्पुळ्याच्या दिशेने वल्हवीत निघाले.

जाता जाता सांगावयाचे ते असे की, याच्या काही महिनेच आधी, १५४४ च्या अखेरीस, संत फ्रान्सिस झेवियर त्याच केरळभूमीच्या दक्षिण किनाऱ्यावर कोळी बांधवांना बाप्तिस्मा देत फिरत होते. चंपाकुळमचे ख्रिस्ती मात्र त्याहून कितीतरी जुने, संत थोमाच्या परंपरेतले. तेथील कल्लूर्काड मंदिराची स्थापना इ. स. ४२७ ची असल्याचे मानतात, आणि २०१६ साली त्यास बॅसिलिकेचा मान मिळाला.

येथे एखादा भाविक वाचक थबकेल. दुसऱ्यांच्या देवाची मूर्ती ख्रिस्ती माणसाने आपल्या घरी ठेवून घ्यावी काय? प्रश्न गैर नाही. परंतु उपासना करणे निराळे आणि दारी आलेल्याला आश्रय देणे निराळे. अब्राहामाने तंबूच्या दारातून धावत जाऊन तिघा अनोळखी पुरुषांना थांबवून घेतले, तेव्हा त्यांचा धर्म कोणता, हे आधी विचारून घेतल्याचे आपण वाचीत नाही. आणि माप्पिळश्शेरीचे घराणे आजवर ख्रिस्तीच राहिले आहे. त्या रात्रीमुळे ना पाहुण्यांचा धर्म गेला, ना यजमानाचा.

त्या प्रवासाच्या स्मरणार्थ सौर मिथुन मासात मूळ नक्षत्राच्या दिवशी, म्हणजे जून-जुलैच्या सुमारास, चंपाकुळमला नौका जमतात. आता तेथे शर्यतही होते. तिच्या करंडकाला राजप्रमुखांचे नाव आहे. पंडित नेहरूंच्या १९५२ च्या भेटीपासून सुरू झालेली पुन्नमडा सरोवरावरील शर्यत अधिक गाजते खरी, पण चंपाकुळमची तिच्याहून पुष्कळ जुनी.

या नौकेला चुंडन वळ्ळम, अर्थात चोचीची होडी, म्हणतात. लांबी शंभर फुटांवर, परंतु रुंदी जेमतेम दोन माणसे शेजारी बसतील इतकी. आंजिली नावाच्या, फणसाच्याच जातीच्या झाडाचे लाकूड तिला लागते. पाण्यातून ती सुळकन जावी म्हणून तिच्या अंगाला माशाचे तेल, नारळाच्या करवंटीची राख आणि अंडी यांचे मिश्रण चोळतात. मागचा भाग नागाच्या फणीसारखा उंच उचललेला असतो. तेथे सुकाणूवाले लांब वल्ही घेऊन उभे राहतात, मध्यभागी ठेका धरणारे लाकडी फळीवर काठ्या आपटतात, गाणारे निराळे. आणि ऐंशी-शंभर वल्हेकरी दोन रांगांनी, तोंडे पुढे करून बसलेले. वल्हे होडीला अडकविलेले नसते, प्रत्येकाचे त्याच्या हाती. म्हणून एकाचे वल्हे क्षणभर मागे राहिले की ते शेजाऱ्याच्या वल्ह्यावर आदळते, आणि एवढ्या अरुंद होडीत तो धक्का सर्वांनाच जाणवतो. दंडात बळ कितीही असो, कान ठेक्याकडे नसेल तर त्या माणसाचा उपयोग नाही. म्हणूनच नौका गावाच्या मालकीची असते आणि गावातील हिंदू-ख्रिस्ती तरुण आधी अनेक दिवस एकत्र सराव करतात.

मला विचाराल तर, शर्यतीपूर्वीची संथ जलयात्रा हाच या सोहळ्याचा गाभा. शर्यतीत ठेका वाढत जातो आणि पाहणाऱ्यांचे डोळे पहिला कोण, याकडेच लागतात. यात्रेत मात्र नौका गाण्याच्या लयीने सरकते. त्या गाण्यांना वंचिपाट्टु म्हणतात. अठराव्या शतकात रामपुरत्तु वारियर या कवीने रचलेले वंचिपाट्टु त्यांत फार प्रसिद्ध आहे, आणि त्याचा विषय आहे कुचेलाची कथा. कुचेल म्हणजे आपला सुदामा! मूठभर पोहे घेऊन मित्राच्या दारी संकोचत आलेला गरीब पाहुणा. आणि ते गाणे घुमते कोठे, तर त्याच श्रीकृष्णाची मूर्ती एका रात्रीपुरती ख्रिस्ती माणसाच्या घरी पाहुणी म्हणून आली होती, त्या गावच्या नदीवर.

मूळाच्या दिवशी अंबलप्पुळा देवळाची माणसे आजही चंपाकुळमला येतात आणि माप्पिळश्शेरीच्या घरी जातात. घरची मंडळी त्यांना आत घेतात, बसवितात. मग सारे नदीकडे निघतात, आणि तोवर नौका पाण्यात उतरलेल्या असतात.