आधी सायकलला कपडे घाला!

सायकल घ्यायची ठरली की आपण काय काय बघतो? गिअर किती, फ्रेम स्टीलची की अ‍ॅलॉयची, डिस्क ब्रेक आहेत का, मित्राच्या सायकलपेक्षा आपली भारी दिसते का... अभ्यास एकदम जोरदार! आणि मग सोमवारी सकाळी पावणेनऊला कपाटासमोर उभं राहिल्यावर खरा प्रश्न पडतो. घालू काय?

हा प्रश्न दिसतो तेवढा फालतू नाही हं. ‘आता ऑफिसला सायकलनेच’ असं गाजावाजा करून ठरवणारे माझे निम्मेअधिक मित्र-मैत्रिणी महिन्याभरात परत गाडीवर आले. कारण विचारलं की पहिलं उत्तर येतं, “ट्रॅफिक यार!” जरा खोदून विचारलं की मग खरं बाहेर येतं. शर्ट पाठीला चिकटतो. नव्याकोऱ्या ट्राउझरला चेनचं काळं ग्रीस लागलं. कुर्ता मागे उडतो. टॉप वर सरकतो आणि मागचा बाइकवाला बघत बसतो. दहाच्या मीटिंगला घामट अवतारात बसायची लाज वाटते. म्हणजे पाय दमलेले नसतात, दमही लागलेला नसतो. सायकल सुटते ती कपड्यांपायी.

यावर दुकानात मिळणारं रेडिमेड उत्तर म्हणजे लायक्रा. अंगाला घट्ट बसणारी चड्डी, भडक जर्सी, मागे तीन खिसे. लोणावळ्याला किंवा सिंहगडाच्या पायथ्याला जायचं असेल तर बेस्ट. त्या चड्डीत आतून पॅड असतं आणि ती आत काही न घालता थेट अंगावर घालायची असते. आतल्या कपड्याची शिवण घासू नये म्हणूनच तर पॅड! पण कोथरूडहून सेनापती बापट रस्त्यापर्यंतच्या पाच-सहा किलोमीटरला एवढा सरंजाम? अर्धा तास सायकल चालवायला दोनदा कपडे बदलायचे असतील तर तिसऱ्या दिवशी कंटाळा येणारच.

मग करायचं काय? माझ्या मते आपण प्रश्नच उलटा विचारतोय. आमच्या ऑफिसचे वॉचमनकाका रोज सायकलने येतात. युनिफॉर्म कडक इस्त्रीचा, पँटची घडी जागच्या जागी, बुटांना पॉलिश. एकदा न राहवून विचारलं, “काका, तुमचे कपडे खराब कसे होत नाहीत?” ते त्यांच्या जुन्या काळ्या सायकलकडे बोट दाखवून म्हणाले, “ताई, ती घेते की काळजी.”

तेव्हापासून मी ती सायकल नीट बघतेय. चेनवर पूर्ण झाकण. दोन्ही चाकांना लांब मडगार्ड, त्याखाली रबराची झालर. हँडल उंच, म्हणून पाठ सरळ राहते आणि शर्ट खोचलेलाच राहतो. मागे दणकट कॅरिअर, त्यामुळे डबा पाठीवर नाही. जुन्या लेडीज सायकली आठवा. मधली दांडी नाही आणि मागच्या चाकावर दोन्ही बाजूंनी जाळी. आयांच्या-आज्यांच्या पिढीतल्या मुली सहावारी साडीत कॉलेजला जायच्या त्या अशा सायकलींवर. तेव्हा सायकल कपड्यांना सांभाळून घ्यायची. मग आली चकाचक स्पोर्टी सायकल. वजन आणि किंमत कमी करायला चेनकव्हर गेलं, मडगार्ड गेलं, कॅरिअर गेलं, हँडल खाली आलं. सायकलने सोडलेली सगळी कामं आता आपल्या कपड्यांच्या गळ्यात पडली आहेत!

म्हणून माझा पहिला फंडा: नवीन पँट घेण्याआधी सायकलला कपडे घाला. मडगार्ड, चेनकव्हर आणि कॅरिअर बसवून घ्या. कुर्ता किंवा साडी वापरत असाल तर मागच्या चाकाला जाळी. कोपऱ्यावरचा सायकलवाला हसेल, हसू दे. सीटची उंची पण बघून घ्या. सीट खाली असेल तर प्रत्येक फेरीला गुडघा पोटापर्यंत येतो, पँट मांडीवर ताणली जाते आणि आपण शिव्या देतो टेलरला. पायडल सगळ्यात खाली असताना गुडघा जेमतेम वाकलेला असला पाहिजे. आणि गुबगुबीत रुंद सीटच्या मोहात पडू नका. दुकानात ती सोफ्यासारखी वाटते, रस्त्यावर मांड्यांना घासते.

आता आपल्या कपड्यांकडे येऊ.

आसन सांभाळा!

सायकलवर बसल्यावर पँटची सगळ्यात मोठी परीक्षा होते ती आसनाची, म्हणजे दोन्ही पाय जिथे जोडतात त्या जागेची. जीन्समध्ये नेमक्या तिथेच चार जाड शिवणी एकत्र येतात आणि त्या गाठीवर आपण सगळा भार टाकून बसतो. वर पाऊस आला की डेनिम भिजून जड होतं ते संध्याकाळपर्यंत वाळत नाही. म्हणून रोजच्यासाठी जरा स्ट्रेच असलेली कॉटन ट्राउझर बरी. कंबर मागून थोडी उंच, शिवणी सपाट. आपल्या जुन्या शिंप्यांना यावरचा उपाय ठाऊक होता. पायजम्याच्या आसनात ते वेगळा तुकडा जोडायचे आणि सदऱ्याच्या काखेत चौबगला, म्हणजे चौकोनी तुकडा घालायचे. पाय फाका, हात वर करा, कापड ताणलं जात नाही. आज मोठमोठे ब्रँड हीच गोष्ट ‘कम्यूटर पँट’ म्हणून चौपट भावात विकतात. तुमचा टेलर हाताशी असेल तर त्यालाच सांगा की!

ट्रायल रूममध्ये आरशासमोर सरळ उभं राहून कपडे निवडायची सवय मात्र सोडा. सायकलवर कोण सरळ उभं राहतं? एक पाय स्टुलावर ठेवा. गुडघ्यावर कापड अडतंय का? दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे करा आणि वाका. मुंढ्यात ओढ बसतेय का? पाठ उघडी पडतेय का? बाहेर उभी सेल्सगर्ल चक्रावेल, पण खरेदी फुकट जाणार नाही.

घामाचं गणित

‘कॉटन बेस्ट’ की ‘ड्राय-फिट बेस्ट’, यावर ऑफिसच्या कँटीनमध्ये कायम वाद. खरं सांगायचं तर दोघंही बरोबर असतात, ऋतू बदलतो. सुती धागा नेहमीच्या हवेत स्वतःच्या वजनाच्या ८ टक्क्यांच्या आसपास ओल धरून ठेवतो, पॉलिएस्टर अर्धा टक्कासुद्धा नाही. म्हणून पुण्याच्या कोरड्या एप्रिलमध्ये सैलसर, पातळ सुती कपडा मस्त. घाम शोषतो, वाऱ्याने वाळतो आणि वाळताना गारवा देतो. जुलैत, किंवा मुंबईत जवळजवळ वर्षभर, हवेतच एवढी ओल असते की तोच शर्ट वाळायचं नाव घेत नाही. तेव्हा पॉलिएस्टर कामाला येतं. पण त्याला घामाचा वास पक्का धरतो, त्यामुळे तो ऑफिसात दिवसभर घालायचा कपडा नव्हे. पोहोचल्यावर बदलायचा.

रंगाचीही गंमत आहे. मध्यम राखाडी आणि आकाशी रंगावर घामाचा एकेक ठिपका नकाशासारखा उमटतो. पांढरा, काळा, गडद निळा आणि बारीक प्रिंट मात्र सगळं पोटात घालतात.

आणखी एक. घाम सायकलवर दिसत नाही, उतरल्यावर फुटतो. चालवताना वारा तो वाळवत असतो. थांबलात की वारा बंद, अंग मात्र अजून तापलेलं. म्हणून शेवटचा एक किलोमीटर आरामात या. पोहोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसा आणि मगच तोंड धुऊन शर्ट बदला. घाईने बदललात तर दुसरा शर्टही गेलाच म्हणून समजा! आणि सॅक पाठीवर नको, कॅरिअरवर. घामाचा अर्धा प्रश्न तिथेच मिटतो.

ओढणी, कुर्ता आणि बाकी उडणारे प्राणी

इथे मात्र मस्करी नाही. प्रसिद्ध नर्तिका इझाडोरा डंकन १९२७ मध्ये फ्रान्समधल्या नीस शहरात गेली ती गळ्यातला लांब स्कार्फ मोटारीच्या चाकात अडकून. आपल्याकडे दुचाकीच्या चाकात ओढणी अडकून होणारे अपघात काही नवीन नाहीत. तेव्हा सायकलवर ओढणी एकतर बॅगेत, नाहीतर कमरेला घट्ट बांधलेली. गळ्याभोवती मोकळी कधीच नाही. कुर्ता गुडघ्याच्या वर, बाजूचे कट खोल असलेला घ्या. मागचं पान सीटवर नीट बसतं. पटियाला सुंदर दिसतो, पण त्याचा घेर आणि चेन यांचं जुनं वैर आहे. चुडीदार किंवा अँकल लेंग्थ पँट बरी.

चेन उजव्या बाजूला असते, त्यामुळे काळजी घ्यायची ती मुख्यतः उजव्या पायाची. चेनकव्हर नसेल तर पँटचा पाय घोट्याशी पट्टीने बांधा. चमकणारी वेलक्रो पट्टी मिळते, ती दोन्ही पायांना लावा. रात्री हेडलाइटच्या उजेडात वर-खाली होणारे दोन चमकते घोटे दिसले की मागच्याला लगेच कळतं, पुढे सायकलवर माणूस आहे. पायात मागे पट्टा असलेले सँडल किंवा कडक तळाचे बूट. सपाता नकोत. ऑफिसचे फॉर्मल बूट ऑफिसातच ठेवा.

पावसात पूर्ण रेनकोट घालून पायडल मारलं तर बाहेरून पावसाने आणि आतून घामाने, असं दोन्हीकडून भिजायला होतं. लांब पाँचो बरा, खालून हवा येते. फक्त त्याची टोकं हँडलवर नीट अडकवा. कमी अंतराला थ्री-फोर्थ घालून पाय खुशाल भिजू द्या आणि कोरडी पँट व मोजे प्लॅस्टिकच्या पिशवीत न्या.

कोणी काय घालावं?

एवढं सगळं कपड्यांवर कशाला, असं वाटेल. पण सायकलवर कोणी बसायचं हे कपड्यांनी ठरवल्याचा इतिहास जुना आहे. १८९४ मध्ये अ‍ॅनी लंडनडेरी ही बाई बॉस्टनहून सायकलवर जगप्रवासाला निघाली ती पायघोळ स्कर्ट घालून, जवळपास १९ किलोच्या सायकलवर. शिकागोला पोहोचेपर्यंत तिला कळून चुकलं. मग तिने निम्म्या वजनाची पुरुषांची सायकल घेतली, स्कर्ट जाऊन ब्लूमर म्हणजे ढगळ विजार आली आणि १८९५ मध्ये ती प्रवास पूर्ण करून परतली. १८९८ मध्ये इंग्लंडच्या सरे परगण्यात लेडी हार्बर्टन अशीच विजार घालून सायकलवरून एका हॉटेलात गेल्या, तर मालकिणीने त्यांना कॉफी रूममध्ये बसू दिलं नाही. प्रकरण पुढच्या वर्षी कोर्टात गेलं आणि मालकीण सुटली! बरं, आपल्याकडची काष्ट्याची नऊवारी म्हणजे दोन्ही पाय वेगळे ठेवणारं, टांग मारायला सोयीचं वस्त्रच. पण ती नेसणाऱ्या किती जणींच्या हातात सायकल आली? कपडा तयार होता, परवानगी नव्हती.

आज परवानगी आहे. पण ‘एवढ्या चांगल्या नोकरीत असून सायकल?’ हे आहे, लिफ्टमधली नजर आहे, सिग्नलवरची कॉमेंट आहे. माझी एक मैत्रीण एवढ्यावरूनच थांबली होती. तिला नवी जर्सी नको होती. मागून लांब असा कुर्ता, चाकाला जाळी आणि थोडं उंच हँडल एवढंच हवं होतं. आता ती आठवड्यातून तीन दिवस येते, आणि कॉन्फरन्स रूममध्ये बसल्यावर कोणाला पत्तासुद्धा लागत नाही की बाईसाहेब सायकलवरून आल्यात.

रोजच्या सायकलिंगचे चांगले कपडे म्हणजे एवढंच. ते घालून सायकल चालवता आली पाहिजे आणि उतरल्यावर भाजी घेता आली पाहिजे, प्रेझेंटेशन देता आलं पाहिजे, लग्नाच्या रिसेप्शनलाही डोकावता आलं पाहिजे. तेव्हा या रविवारी दोन कामं करा. कपाट उघडून पाय स्टुलावर ठेवायची ती टेस्ट आहे त्या कपड्यांवरच घ्या. निदान तीन जोड्या पास होतील. आणि सायकल घेऊन कोपऱ्यावर जा. मडगार्ड बसवायला फार वेळ लागत नाही, तेवढ्यात एक कटिंग होतो.